हात अठरा, जीभ तीन

पहिल्याच रविवारी बाबांनी आपला कागद माझ्याकडे सरकवला. तो वाचून मी पेन्सिल खाली ठेवली.

कागदावर सहा रकाने होते. बळ, हात, पाय, डोकं, नजर आणि जीभ. आमच्या खेळात प्रत्येकाला साठ गुण मिळतात, ते या सहा रकान्यांत हवे तसे वाटून आपलं पात्र घडवायचं. कुठल्याही रकान्यात तीनच्या खाली जायचं नाही, अठराच्या वर जायचं नाही. मग वीस पैलूंचा फासा. भिंत चढायची असेल तर पायांचा आकडा बघायचा, कुणाला पटवायचं असेल तर जिभेचा. फाशावर आपल्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी पडलं की जमलं, जास्त पडलं की फसलं. बाकी सगळी गोष्ट, आणि ती गोष्ट सांगणारी मी.

बाबांनी लिहिलं होतं: हात अठरा, नजर अठरा, डोकं पंधरा. उरलेल्या तिन्ही घरांत तीन, तीन, तीन.

"बाबा, हा माणूस जिनासुद्धा चढू शकणार नाही."

"त्याला कशाला चढायचंय? लोक काम घेऊन खाली येतील."

"आल्यावर त्यांच्याशी बोलणार कोण?"

"काम बोलेल."

आईचा कागद सरळ होता. सहाही घरांत दहा. बाबांनी मान वाकडी करून तो पाहिला आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या मिशीखाली हसू हललं.

"सगळीकडे दहा म्हणजे कशातच काही नाही."

"तीन जिभेच्या माणसाने एवढं बोलू नये," आई म्हणाली.

चौथे होते शेजारच्या औषधाच्या दुकानातले कंपाउंडरकाका. त्यांनी एक चपळ चोर केला होता, पण जन्मभर औषधं मोजल्यामुळे चोरालाही हिशेबात ठेवला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी तिघांच्या बेरजा तपासल्या. "साठ, साठ, साठ. चला, कुणाला जास्तीचा डोस नाही."

खेळायला आम्ही बसायचो बाबांच्या घड्याळांच्या दुकानात, काउंटरच्या काचेभोवती. रविवारी दुपारी बाजार बंद असायचा. चार पावलं लांब आणि अडीच पावलं रुंद असा तो गाळा. पुढे काच, मागे बाबांचं टेबल, टेबलावर मान वाकवून उभा असलेला दिवा. भिंतीवर एकोणीस घड्याळं. लहानपणी मी डोळे मिटून त्यांच्या चाली ओळखायचे. एक ठुमकायचं, एक लंगडायचं, एक धापा टाकायचं, आणि तासाचे ठोके पडायला लागले की सगळी एकमेकांच्या बोलण्यात बोलायची. आता एकोणीसही गप्प होती. चावी देणाऱ्या हाताला कंप सुटला होता.

चौदा महिने झाले होते त्याला. आधी कपातला चहा बशीत यायला लागला, मग सही वाकडी झाली, मग एक दिवस चिमट्यातला स्क्रू उडून कुठे गेला तो सापडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. बाजारात त्यांना मुके मास्तर म्हणायचे. गिऱ्हाइकाने घड्याळ पुढे केलं की ते कानाशी धरायचे आणि बोटं वर करायचे. तीन बोटं म्हणजे तीन दिवसांनी या. चाळीस वर्षं त्यांचं दुकान बोटांवर चाललं, आतही आणि बाहेरही. तीच बोटं आता खिशात लपून बसली.

खणात एकच काम उरलं होतं. एका नर्सबाईंचं, छातीवर उलटं लावायचं छोटं घड्याळ. त्या तीनदा विचारून गेल्या होत्या. महिनाअखेरच्या सोमवारी गाळ्याच्या मालकीणबाईंना किल्ली परत द्यायची आणि ते घड्याळ न उघडता नर्सबाईंना परत करायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. सोमवारनंतर ते काय करणार, हे मी एकदा विचारलं. त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तेच उत्तर होतं.

म्हणून मी हा खेळ घरात आणला. मी नकाशे काढायच्या कचेरीत काम करते. तिथे आम्ही जेवणाच्या सुट्टीत वर्षानुवर्षं तो खेळतोय. सोमवार यायला चार रविवार होते. तेवढ्यात बाबांना माणसांत आणायचं, दुकानात बसवायचं, काउंटरवर बोलायला लावायचं, असं माझं गणित होतं.

आणि त्या गणितात मी चुकले.

मी गाव काढलं ते असं, की जिकडे तिकडे पायऱ्या. प्रत्येक वेशीवर प्रश्न विचारणारा पहारेकरी. बाजारात गोड बोलल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. मला वाटलं, अडले की शहाणे होतील. एकाच घरात सगळं ओतून जगता येत नाही, हे मला खेळातून त्यांच्या गळी उतरवायचं होतं. पहिल्या रविवारी बाबांचं पात्र, तो कारागीर, पायऱ्यांवरून पडला. दुसऱ्या रविवारी पहारेकऱ्याने त्याला चोर समजून कोंडला आणि खरा चोर, म्हणजे कंपाउंडरकाका, बाहेर शिट्टी वाजवत उभा राहिला. तिसऱ्या रविवारी मी नदी आणली.

बाबा फासा हाताने टाकत नसत. गजराच्या जुन्या घड्याळाचं पितळी झाकण त्यांनी वाटीसारखं घेतलं होतं, त्यात फासा घालून ते झाकण काचेवर उपडं करायचे. हात कुणाला दिसायचा नाही. एकदा मात्र फासा झाकणात घालतानाच निसटून पडला होता. तेव्हा कंपाउंडरकाकांनी नियम केला, की पडला तो पडला, त्यावर जो आकडा असेल तो धरायचा.

नदीच्या वेळी सतरा पडले. पायांचा आकडा तीन. कारागीर वाहून चालला.

"दोर टाकतो मी," काका घाईने म्हणाले. "टाकतो म्हणजे, टाकलाच!"

आईच्या पात्राने दोर धरला, दोघांनी मिळून कारागिराला काठावर ओढला. बाबांनी पेन्सिल काचेवर ठेवली. बराच वेळ ते माझ्या नकाशाकडे बघत राहिले, घराघरावर बोट ठेवल्यासारखे.

"एवढं मोठं गाव काढलंस," ते म्हणाले. "एकाही दाराला कुलूप नाही का गं?"

ते उठले आणि शटरखालून वाकून बाहेर जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी घरी आई ताटं पुसत होती, मी ती फळीवर लावत होते. आई कामात असली की तिच्या ओठांवर काहीतरी जुळत असतं. ओळी तिच्याच, चाल तिच्या आईची.

*दहा बोटं माझ्या हाती, दहाजणींच्या कामाची,*
*एकीलाही नाही बाई, सवड तिच्या नावाची.*

मग ती गाणं सोडून एकदम म्हणाली, "तू त्यांना पाडायला बसली होतीस."

"आई, मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी? तीनवर बोट ठेवून कुणाचं भलं होतं? ते अठरा एका दिवसात झाले नाहीत. माणूस एका खुर्चीत चाळीस वर्षं वाकून बसला, मान आखडली, तेव्हा झाले. तुझी फी, तुझा चष्मा, सगळं त्या अठरावर उभं राहिलं. आणि तू त्यांच्यासमोर नदी आणून ठेवतेस!"

मी ताटावर ताट ठेवलं, तेही आवाज न करता.

"तुलाही वाटतं ना, आई, की सगळं थोडंथोडं आलेलं बरं? तू स्वतः सगळीकडे दहा घेतलेस."

"हौसेने घेतले होय?" ती हसली, पण ते हसू पुरतं वर आलं नाही. "मी दवाखान्यात आया होते, मग शिवण केली, मग शाळेच्या गाडीत पोरं सांभाळली. घरात फ्यूज गेला की मी, नळ गळला की मी, तुझे केस कापायचे तेही मीच. मला एका जागी कुणी बसूच दिलं नाही, तर अठरा कुठून व्हायचे? मलाही एका गोष्टीत व्हायचं होतं."

"कशात?"

तिने एकच ताट दोनदा पुसलं. "जा, झोप आता. आणि येत्या रविवारी निदान एक कुलूप काढ."

शेवटच्या रविवारी मी नवीन कागद आणला. गावाच्या मधोमध मनोरा काढला. मनोऱ्याला दार, दाराला कुलूप, आणि आत थांबलेलं घड्याळ. ते थांबल्यापासून गावात कुणाला उठायची वेळ कळत नाही, भाकरी करपतात, मुलं दुपारी शाळेत जातात. पायरी एकही नाही.

बाबांनी नकाशा उचलून डोळ्यांजवळ नेला. "अच्छा," एवढंच म्हणाले, पण खुर्ची पुढे ओढली.

कुलपाला नऊ पडले. दार उघडलं. यंत्र तपासायला बारा पडले, नजरेचे अठरा, तेही जमलं. आमचा घरचा नियम असा, की नुसतं जमलं म्हणून भागत नाही, काय केलं ते बोलून सांगायचं. इतके दिवस बाबा "उघडलं", "पाहिलं" एवढ्यावर निभावत होते. आज त्यांनी झाकण बाजूला ठेवलं.

"आत धूळ नाही. म्हणजे कुणीतरी झाकलंय, टाकून दिलेलं नाही. तिसऱ्या चाकाचा एक दात झिजलाय. बाकीचे दात त्याची वाट बघतायत."

कंपाउंडरकाकांनी भुवया उंचावून आईकडे पाहिलं. आई कारागिराच्या कागदाकडे बघत होती.

"आता दुरुस्ती," मी म्हणाले. "हात. अठरा आहेत तुमचे."

आता फक्त एकोणीस किंवा वीस पडले तरच फसणार होतं. मला तेव्हा कळलं, बाबांनी एका घरात एवढं का ओतलं होतं. अठरा असले की हाताची भीती उरत नाही. हात कसाही हलला तरी आकडा सांभाळून घेतो.

फासा आधीच्या डावापासून काचेवरच होता. झाकण दूर राहिलं होतं. बाबांनी उत्साहाच्या भरात फासा तसाच बोटांत धरला, बोटं थरथरली, आणि टाकायच्या आधीच तो निसटला. काचेवरून उडाला, जमिनीवर टपटपत स्टुलाखाली गेला.

काका वाकले. वाकलेलेच राहिले.

"किती?" बाबांनी विचारलं.

"परत टाका, बाबा," मी म्हणाले. "निसटला तो. निसटलेला धरायचा नाही."

"नियम आहे."

"नियम मीच केला होता," काका स्टुलाखालून म्हणाले, "तर मीच मोडतो. दिसत नाही मला इथे नीट."

"कंपाउंडर, किती?"

"एकोणीस."

भिंतीवरची एकोणीस घड्याळंही गप्प होती. बाबा शांत होते. "खरं घड्याळ हातातून निसटलं, तर परत म्हणता येतं का?" त्यांनी आपला उजवा हात काचेवर ठेवला, चौदा महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर, दिव्याखाली. आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. काचेखालच्या रिकाम्या पट्ट्यांवर त्याची सावली हलत होती. मग त्यांनी माझा खोडरबर मागितला. अठरा खोडले. खोडायलाही वेळ लागला. त्या जागी वाकडंतिकडं पाच लिहिलं.

"मधेच गुण बदलता येत नाहीत," काका हळूच म्हणाले.

"बदललेत. ते विचारून बदलत नाहीत."

मी म्हणाले, "मग गावाचं घड्याळ कोण लावणार?"

"माझे दहा आहेत," आई म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "अगं, तुला काय कळतं त्यातलं?"

"आधी स्प्रिंगचा ताण उतरवायचा. नाहीतर चाकं अंगावर येतात. मग वरची पट्टी काढायची. स्क्रू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने झाकणात मांडायचे, घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल." आईचा आवाज जराही चढला नव्हता. "चौतीस वर्षं डबा घेऊन मी काउंटरच्या अलीकडे उभी राहिले. तुम्ही जेवायचं विसरायचात. मी बघायचं विसरले नाही."

"कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी 'आत ये' म्हणालात?"

काकांनी खोकल्याचं निमित्त केलं.

बाबांची मान खाली गेली, मग वर आली. "मी बघतो," ते मला म्हणाले, "आणि हिने करायचं. चालतं का तुझ्या खेळात?"

"चालतं. पण बघणाऱ्याने करणारीला बोलून सांगायचं. नीट सांगितलं तर तिच्या हाताला दोन गुण वाढवून देईन."

"हां. तर, ते... हे असं..." त्यांची दोन बोटं हवेत वळली.

"बोटं नाहीत, बाबा. शब्द."

तेवढा घाम त्यांना नदीतसुद्धा आला नसेल. चाळीस वर्षं बोटांना जे ठाऊक होतं, ते जिभेला नवीन होतं. एक शब्द यायचा, अडायचा, मागे जायचा. "झिजलेलं चाक काढ. त्याला... कडेने नको, मध्यातून उचल. आता नवीन बसव. ढकलू नकोस. ते आपणहून बसतं, तू फक्त वाट बघ. आणि स्क्रू आवळताना हात थांबवायचा नाही, श्वास थांबवायचा."

आईने खरोखरच श्वास थांबवला होता.

"दोन गुण," मी म्हणाले. "आईचे बारा. टाक."

आईने फासा टाकला. तेरा.

"एकाने हुकलं!" काकांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, एकाने!"

मी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. गोष्ट सांगणारीला एवढा अधिकार असतो. "घड्याळ सुरू होतं," मी म्हणाले, "पण दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं."

बाबा हसले. खांदे हलतील इतके. "मागे पडतं म्हणजे चालतंय की! जे चालतच नाही ते मागे कसं पडेल? मागे पडण्यावर इलाज असतो."

एक मोहीम संपली की प्रत्येकाला एक गुण मिळतो. काकांनी आपला जपून ठेवला, औषधासारखा, लागेल तेव्हा घेऊ म्हणून. आईने हातांच्या घरात अकरा लिहिले आणि आकड्याकडे थोडा वेळ बघत बसली. एक गुण आधी मिळाला असता तर तेराला तेरा जुळले असते, हे तिने बोलून दाखवलं नाही. बाबांनी पेन्सिल घेतली. मला वाटलं, पाचाचे सहा करतील. त्यांनी जिभेच्या घरात चार लिहिले.

किल्लीबद्दल त्या रविवारी कुणी काही बोललं नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. किल्ली देताना बाबा एकटे नसावेत, एवढंच मनात होतं. अकराच्या सुमाराला बाजारात पोचले तर मालकीणबाई माझ्या पुढे चालत होत्या, आणि दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. इतकं वर मी ते चौदा महिन्यांत पाहिलं नव्हतं. आत खोलवर ऊन गेलं होतं.

टेबलाशी बाबांच्या खुर्चीत आई बसली होती. डोळ्याला भिंग, दिवा मान वाकवून तिच्या हातावर. समोर नर्सबाईंचं घड्याळ उघडं, आणि झाकणात स्क्रू गोल मांडलेले. बाबा शेजारी स्टुलावर, तिच्या खांद्यावरून वाकलेले.

"किल्ली न्यायला आले होते," मालकीणबाई म्हणाल्या.

बाबांचा हात खिशातून बाहेर आला. सवयीने बोटं वर झाली, थरथरली, आणि त्यांनी ती लपवली नाहीत, फक्त खाली घेतली.

"किल्ली राहू द्या, बाई. काम निघालंय."

"किती दिवसांचं?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने मान वर केली नाही. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "तिला शिकायचंय. मला शिकवायला शिकायचंय. दुसऱ्याला जास्त वेळ लागेल."

मुके मास्तर एका दमात एवढं बोललेले मालकीणबाईंनी कधी ऐकलं नसावं. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून काचेवर ठेवलं. "हे पुढे जातं," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मी काउंटरच्या अलीकडे उभी राहिले. जिथे आई डबा घेऊन उभी राहायची, तिथेच. आत जावंसं वाटलं, पण नाही गेले. त्या टेबलाशी दोनच माणसं मावतात.

"अजून अर्धा फेरा," बाबा सांगत होते. "थांब. श्वास. हां."

"सारखं श्वास श्वास नका करू हो, श्वास विसरायला होतं."

"बरं. आता तेल. सुईच्या टोकावर येईल एवढंच."

आईने तेलाची कुपी उचलली. हात तिचा स्थिर होता, दहाचा नव्हे, अकराचा. आणि काम हातात आलं तशी ओळ ओठांवर आलीच.

*दात दाताला भिडतो, चाक चाकाला सांगतं...*

पुढची ओळ जुळेना. ती तिथेच घोटाळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा अडली. बाबा तिच्या हाताकडे डोळे लावून होते. गाण्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"तेल जरा कमी घाल, बाई," ते कळवळून म्हणाले, "सगळं सांडतं!"

आईने भिंग वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग ती ओवी पुरी म्हटली, त्यांच्या ओळीसकट.